बेडकाचा डोळा आणि संगणकवाल्यांचा मेंदू

मेंदूला कशाची उपमा द्यावी, हा प्रश्न माणसाला फार दिवसांपासून पडलेला आहे, आणि प्रत्येक पिढी त्याचे उत्तर आपल्या काळातल्या सर्वांत नव्या यंत्राकडे पाहून देत आली आहे. सतराव्या शतकात फ्रान्सच्या राजांच्या बागांत पाण्याच्या दाबावर हलणारे पुतळे असत. त्यांवरून देकार्त या तत्त्वज्ञाला मज्जातंतू म्हणजे नळ्या आणि त्यांतून खेळणारा एक सूक्ष्म रस, अशी कल्पना सुचली. पुढे टेलिफोन आला. मग डोक्यात टेलिफोनचे एक्स्चेंज आहे, इकडची तार तिकडे जोडून देणारी कोणी एक अदृश्य बाई तिथे बसली आहे, असे शाळेच्या पुस्तकांतून दिसू लागले. आता संगणकाची पाळी आहे, आणि ती तिने इतक्या थाटात घेतली आहे की ही एक उपमा आहे, हेच लोक विसरून गेले आहेत.

मागच्या उपमांपेक्षा या उपमेत एक निराळी गंमत आहे. नळाने किंवा टेलिफोनने मेंदूकडून काही घेतले नव्हते. संगणकाने मात्र घेतले. ३० जून १९४५ ही तारीख असलेला एक अहवाल त्या वेळी अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांत हातोहात फिरला. लेखक जॉन फॉन नॉयमन, मूळचा हंगेरीचा गणिती. विषय, ‘एडव्हॅक’ नावाचे होऊ घातलेले गणकयंत्र. आज आपल्या टेबलावर आणि खिशात जे संगणक आहेत त्यांची मूळ मांडणी या अहवालात सापडते. त्यात यंत्राच्या भागांना त्याने ‘अवयव’ म्हटले. आकडे साठवून ठेवण्याच्या भागाला ‘स्मृती’ म्हटले. जुन्या रेडिओत असत तसल्या काचेच्या व्हॉल्व्हची तुलना त्याने मेंदूतल्या चेतापेशींशी केली. म्हणजे ‘मेमरी’ हा शब्द आपल्याकडून यंत्राकडे गेला. सत्तर-ऐंशी वर्षे तिकडे राहून, पुष्कळ श्रीमंत होऊन तो परत आला, आणि आता आम्ही म्हणतो, “काय करू, माझी मेमरी फुल्ल झाली आहे!” शेजारणीने नेलेली वाटीभर साखर तिने परत आणून द्यावी आणि आपण “अगबाई, किती गोड शेजार!” म्हणून हरखून जावे, त्यातला हा प्रकार.

माझा एक भाचा पुण्यात संगणक अभियंता आहे. मुलगा हुशार आहे, कष्टाळू आहे, आणि मेंदूविषयी त्याला एकही शंका नाही. “मामा, त्यात आहे काय? चेतापेशी म्हणजे एक स्विच. पेटला तर एक, विझला तर शून्य. असे अब्जावधी स्विच जोडले की झाला मेंदू,” असे तो मला चहाच्या कपावर पाच मिनिटांत समजावून देतो. त्याचे मित्रही असेच बोलतात. मला डॉक्टर मंडळी भेटतात, ती मेंदूविषयी बोलताना दर दुसऱ्या वाक्याला “बहुधा” म्हणतात. त्यामुळे हा आत्मविश्वास आला कुठून, याचा शोध मला घ्यावासा वाटला. तो शोध शिकागोतल्या एका घरापर्यंत जातो, आणि त्यातली माणसे एखाद्या कादंबरीत शोभावीत अशी आहेत.

वॉल्टर पिट्स हा डेट्रॉइट शहरातल्या एका गरीब घरातला मुलगा, जन्म १९२३चा. त्याच्याविषयी अशी गोष्ट सांगतात की बारा वर्षांचा असताना दांडगट पोरांपासून जीव वाचवण्यासाठी तो सार्वजनिक वाचनालयात शिरला. तिथे रसेल आणि व्हाइटहेड यांचा तर्कशास्त्रावरचा भलामोठा ग्रंथ त्याच्या हाती लागला. तीन दिवसांत त्याने तो वाचला आणि त्यातल्या चुका दाखवणारे पत्र थेट रसेलला पाठवले. पुढे ऐन पोरवयात तो घर सोडून शिकागोला आला, विद्यापीठात नाव न घालताच व्याख्याने ऐकू लागला. तिथे त्याची गाठ वॉरन मॅकलक याच्याशी पडली. मॅकलक मनोविकारांचा डॉक्टर, वयाने पंचवीस वर्षांनी मोठा, दाढीवाला, कविता करणारा. त्याने या बेघर पोराला आपल्याच घरी ठेवून घेतले. रात्री घरातली मुले निजली की दोघे कामाला बसत.

त्यांच्या त्या रात्रींतून १९४३ साली एक निबंध बाहेर पडला. त्यातला विचार असा. चेतापेशी एक तर ठिणगी टाकते नाही तर टाकत नाही, अर्धी ठिणगी ती टाकत नाही. तर्कशास्त्रातले विधानही तसेच, एक तर खरे नाही तर खोटे. मग ठिणगीला ‘खरे’ आणि शांततेला ‘खोटे’ मानले, तर चेतापेशींच्या जुळणीतून तर्कशास्त्रातले कोणतेही विधान बांधता येईल. कागदावर चेतापेशींच्या आकृत्या काढून त्यांनी ते बांधून दाखवले. फॉन नॉयमनने आपल्या अहवालात याच निबंधाचा आधार घेतला आहे. आज ज्यांना ‘न्यूरल नेटवर्क’ म्हणतात त्यांचा मूळ पुरुष हाच.

एक गोष्ट इथे सांगून ठेवली पाहिजे. आपण पेशीला पुष्कळ सोपे करून घेतले आहे, हे त्या दोघांना ठाऊक होते आणि त्यांनी ते निबंधातच सांगितले होते. गणित करायचे तर काही गोष्टी सोडाव्याच लागतात. नकाशा काढणारा रस्त्यावरचे खड्डे काढत नाही. पण त्यांच्यामागून आलेल्या मंडळींनी नकाशा घेतला, आणि रस्त्यात खड्डे नसतातच असे धरून गाडी हाकली.

पुढची हकीगत बेडकाची. १९५९ साली मॅकलक, पिट्स, त्यांचा मित्र जेरोम लेट्विन आणि चिली देशातून आलेला हुंबेर्तो मातुराना या चौघांनी एक निबंध छापला, तोही रेडिओ इंजिनिअरांच्या मासिकात. बेडकाचा डोळा बेडकाच्या मेंदूला काय सांगतो, हा त्याचा विषय. तोवर बहुतेकांची समजूत अशी की डोळा हा साधा कॅमेरा आहे. तो उजेड-अंधाराचे ठिपके वर पाठवून देतो आणि खरा विचार मेंदू करतो. या चौघांनी बेडकाच्या डोळ्यातून निघणाऱ्या मज्जातंतूला सूक्ष्म तारा लावल्या आणि त्याच्यासमोर वस्तू हलवून पाहिल्या. त्यांना आढळले की वेगवेगळे तंतू वेगवेगळी बातमी नेतात. काही तंतू वस्तूच्या कडांची वर्दी देतात, तर काही उजेड एकदम कमी झाला की चेततात, म्हणजे शत्रूची सावली पडल्याची खबर. आणि काही तंतू तर असे निघाले की एखादी लहानशी, गोलसर, काळी वस्तू हलत हलत आली तरच बोलतात. एरवी मुके.

त्यांनी बेडकाला गवत-फुलांचे एक मोठे रंगीत चित्र दाखवले आणि ते हलवले. या शेवटच्या तंतूंनी दखलही घेतली नाही. मग लोहचुंबकाच्या साहाय्याने त्या चित्रावर माशीएवढी एक वस्तू ठेवली आणि चित्र स्थिर ठेवून तेवढीच हलवली. तंतू खडखडून जागे झाले. तीच वस्तू चित्राला चिकटवून चित्रासकट हलवली, तर पुन्हा शांतता. भोवती मेलेल्या माश्यांचा ढीग पडला असला तरी बेडूक उपाशी मरतो, कारण न हलणारी माशी त्याच्या लेखी नसतेच. हे ज्ञान त्याच्या मेंदूपर्यंत पोचण्याआधी डोळ्याच्या पडद्यातच तयार होते. ठिपके जमवून त्यांवर तर्क चालवणारे स्वच्छ यंत्र कुठेच नव्हते. होता तो पिढ्यान्‌पिढ्या माश्या खाऊन जगलेल्या एका प्राण्याचा ओला, गुंतागुंतीचा, कामापुरता हुशार डोळा.

शोध मोठा होता, पण पिट्सच्या जिवाला तो लागला. जग तर्काने चालते, निदान मेंदू तरी तर्काने चालतो, ही त्याची श्रद्धा होती, आणि ज्या निबंधाने ती खिळखिळी केली त्यावर त्याचेच नाव होते. त्याआधीच १९५२ साली गुरुस्थानी असलेल्या नॉर्बर्ट वीनरने त्याच्याशी आणि त्याच्या मित्रांशी एकाएकी संबंध तोडले होते. पिट्स दारूत बुडाला. वर्षानुवर्षे लिहीत आणलेला प्रबंध त्याने जाळून टाकला. १९६९ साली, पन्नाशीही न गाठता, तो वारला. चारच महिन्यांनी मॅकलकही गेला.

आणि तरीही त्या दोघांची १९४३ची चेतापेशी, कागदावरची, अजून धडधाकट आहे! भाच्याच्या संगणकात तिची अब्जावधी वारसदार पिल्ले आहेत. प्रत्येक पिल्लू काय करते, तर आलेले आकडे कमी-जास्त वजनाने गुणते, त्यांची बेरीज करते आणि पुढे ढकलते. खऱ्या पेशीचे तसे नाही. तिला झाडासारख्या फांद्या असतात, त्या फांद्यांवर हजारो सांधे असतात, आणि एखादा संदेश फांदीच्या शेंड्यावर आला की बुंध्याशी आला, मागाहून आला की आधी आला, यावरून त्याचा अर्थ बदलतो. २०२१ साली जेरुसलेमच्या संशोधकांनी मेंदूच्या सालीतल्या एका पेशीचा बारकाव्यांनिशी तयार केलेला नमुना घेतला, आणि तिच्या वागण्याची नक्कल करायला आजच्या पद्धतीचे केवढे जाळे लागते ते मोजले. पाच ते आठ थरांचे जाळे लागले. लक्षात घ्या, हे एका पेशीसाठी. ज्याला भाचा एक स्विच म्हणतो, ती एकटीच एक लहानसे कार्यालय निघाली.

शिकण्याचीही तीच कथा. यंत्राचे जाळे चुकले की ती चूक शेवटच्या थरापासून पहिल्या थरापर्यंत उलटी पोचवतात आणि प्रत्येक सांध्याचे वजन दुरुस्त करतात. ही युक्ती १९८६ साली रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या निबंधामुळे सर्वतोमुखी झाली. पण चेतापेशीचा लांब तंतू संदेश पुढे नेतो, उलट टपाल त्याच वाटेने येत नाही. मग मेंदू ही युक्ती वापरणार कशी? हा प्रश्न डीएनएच्या रचनेचा शोध लावणाऱ्या फ्रान्सिस क्रिकने १९८९ सालीच जाहीरपणे विचारला होता. मौज अशी की यंत्राच्या शिक्षणासाठी ज्याला २०२४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले, तो जेफ्री हिंटन स्वतःही मेंदू असाच शिकतो असे ठामपणे म्हणत नाही. ठामपणा आहे तो त्याची पुस्तके वाचून नोकरीला लागलेल्यांपाशी.

आकड्यांचा मोह हा या मंडळींचा दुसरा रोग. “मेंदूत जितक्या पेशी, तितके भाग यंत्रात बसवले की यंत्र विचार करू लागेल,” हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे की ते आता वेदवाक्य व्हायला हरकत नाही. तर मोजणी ऐका. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हौझेल या संशोधक बाईंनी मेंदू द्रावणात विरघळवून त्यातल्या पेशींची केंद्रके मोजण्याची पद्धत काढली. मेंदूचे चक्क सार करून ते मोजायचे! २००९ साली त्यांनी माणसाच्या मेंदूत सरासरी ८६ अब्ज चेतापेशी असल्याचे सांगितले. त्यांतल्या तब्बल ६९ अब्ज मानेच्या वरच्या अंगाला असलेल्या लहान मेंदूत, आणि ज्या सालीला आपण बुद्धीचे माहेरघर मानतो तिच्यात अवघ्या १६ अब्ज. मग २०१४ साली आफ्रिकेच्या हत्तीची मोजदाद झाली. २५७ अब्ज! आपल्या तिप्पट. गजाननाच्या भक्तांना यात आश्चर्य वाटणार नाही, पण भाच्याच्या हिशेबाने हत्तीनेच आपल्याला नोकरीवर ठेवायला हवे होते. हत्तीच्या या पेशींपैकी ९८ टक्के लहान मेंदूत असतात. म्हणजे प्रश्न किती आहेत याचा नसून कुठे आहेत आणि कशा जोडलेल्या आहेत याचा आहे.

“बरे, मग जोडणीचा नकाशा मिळवू,” भाचा म्हणतो. तोही मिळालेला आहे. जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा एक पारदर्शक जंत आहे. त्याच्या एका जातीत नेमक्या ३०२ चेतापेशी असतात, आणि कोणती कोणाला जोडलेली आहे याचा जवळजवळ संपूर्ण नकाशा केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी १९८६ साली छापला. त्याला आता चाळीस वर्षे होत आली. तरी केवळ त्या नकाशावरून, हा जंत पुढच्या क्षणी कुठे वळेल, हे अजून खात्रीने सांगता येत नाही. २०२४ साली फळमाशीच्या मेंदूचा नकाशा पुरा झाला. पेशी सुमारे १ लाख ४० हजार, सांधे पाच कोटींच्या घरात. अद्भुत काम आहे. पण पुण्याचा नकाशा हाती आला म्हणजे आज लक्ष्मी रोडवर कोण काय खरेदी करील ते कळत नाही.

असे का, याचे मला सापडलेले सर्वांत सुरेख उत्तर खेकड्याच्या पोटात आहे. कोकणातल्या वाचकांनी क्षमा करावी, पण ज्या चिंबोरीचे आपण कालवण करतो तिच्या जठरात दात असतात. ती अन्न पोटात चावते. हे चावण्याचे काम चालवणारी पेशींची एक लहानशी गाठ असते, तीत तीसच्या आसपास चेतापेशी. अमेरिकेतल्या ईव्ह मार्डर या शास्त्रज्ञ बाईंनी उभे आयुष्य खेकडे आणि लॉबस्टर यांच्या या गाठीवर घालवले. कोणती पेशी कोणाला जोडलेली आहे, ते पक्के ठाऊक. तारांचे जाळे तेच ठेवून तिच्यावर एका रसायनाचा शिडकावा केला तर ती एक ठेका धरते. दुसरे रसायन टाकले की दुसरा ठेका. तबला तोच, तबलजी तोच, आणि नुसती हवा बदलल्यावर त्रितालाचा झपताल व्हावा तसे! आपल्या मेंदूतही अशी रसायने अहोरात्र झिरपत असतात. भूक लागली की निराळी, भीती वाटली की निराळी. यंत्रात लोखंड वेगळे आणि त्यावर चालणारा हुकूमनामा वेगळा. त्यालाच ही मंडळी हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर म्हणतात. मेंदूत ही वाटणी कुठे करायची, ते मला कोणी दाखवून दिलेले नाही. तिथे प्रत्येक हुकमागणिक लोखंडच थोडे बदलते.

याचा विसर पडला की काय होते, त्याचे उदाहरण युरोपने पैसे मोजून घेतले. हेन्री मार्कराम या शास्त्रज्ञाने २००९ साली एका जाहीर भाषणात सांगितले की दहा वर्षांत मानवी मेंदू संगणकावर उभा करता येईल. २०१३ साली युरोपीय संघाने दहा वर्षांसाठी सुमारे १०० कोटी युरोंची योजना आखली. पुढल्याच वर्षी मेंदूचा अभ्यास करणाऱ्या शेकडो शास्त्रज्ञांनी उघड पत्र लिहून या योजनेच्या दिशेला हरकत घेतली, मग कारभारी बदलले, उद्देश बदलले. २०२३ साली योजना संपली तेव्हा हाती मेंदूचे उत्तम नकाशे आणि उपयुक्त साधने होती. मेंदू नव्हता. त्याआधी १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत यंत्राला पाहायला शिकवण्याच्या कामाचा मोठा भाग विद्यार्थ्यांनी एका उन्हाळ्याच्या सुटीत उरकायचा, असा बेत ठरला होता. त्या सुटीचे काम पुढे अर्धे शतक चालले.

संगणकवाल्यांची बाजूही मांडली पाहिजे, नाही तर भाचा माझ्याकडचा चहा सोडेल. मेंदूचे शास्त्रज्ञ फार शहाणे आहेत असे नाही. २०१७ साली योनास आणि कोर्डिंग या दोघांनी त्यांची चांगली फिरकी घेतली. जुन्या खेळांच्या यंत्रात असलेली एक साधी चिप त्यांनी घेतली. तिच्यातली प्रत्येक तार माणसानेच बसवलेली, म्हणून उत्तर आधीच ठाऊक. मेंदूच्या अभ्यासात वापरतात त्या साऱ्या पद्धती तिच्यावर चालवल्या. एकेक भाग बंद करून पाहिला, ठोके मोजले, आलेख काढले. आलेख देखणे आले, पण चिप कशी चालते ते काही त्यांतून उमगले नाही. हा टोला दोन्ही घरांना लागतो. शिवाय विमान पंख फडफडवत नाही म्हणून ते उडतच नाही असे कोणी म्हणत नाही. भाच्याची यंत्रे भाषांतर करतात, क्ष-किरणांची चित्रे तपासतात, ते काम खरे आहे. माझे भांडण एवढ्याचपुरते की विमान करणाऱ्याने चिमणीला “तू चुकीची उडतेस” म्हणू नये.

आता घरातल्या गोष्टीकडे येतो, कारण ही शाब्दिक लढाई वाटत असली तरी तिचे चटके माणसांना बसतात.

भाच्याचा स्मृतीविषयीचा सिद्धान्त असा की आठवण म्हणजे फाईल. ती एका कप्प्यात ठेवलेली असते, हवी तेव्हा काढावी, पाहून परत ठेवावी. ही समजूत एकट्या संगणकवाल्यांची नाही. कॅनडातला मोठा शस्त्रवैद्य वाइल्डर पेनफील्ड याने शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या रुग्णांच्या मेंदूला विजेचा सूक्ष्म स्पर्श केला, तेव्हा काहींना जुने प्रसंग, जुनी गाणी ऐकू आल्यासारखी वाटली. तेवढ्यावरून सगळे आयुष्य मेंदूत मुद्रित असते असा बोभाटा झाला. तसे अनुभव थोड्याच रुग्णांना आले, आणि त्यांतले कितीतरी स्वप्नासारखे होते, हे मागे पडले. उलट इंग्लंडच्या फ्रेडरिक बार्टलेटने १९३२ सालीच दाखवून दिले होते की माणूस आठवण काढतो तेव्हा ती नव्याने रचतो, आपल्या समजुतीप्रमाणे काही घालतो, काही गाळतो. २००० साली करीम नादर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग करून त्याला पेशींच्या पातळीवरचा पुरावा दिला. पक्की झालेली भीतीची आठवण जागी केली की ती काही काळ पुन्हा कच्ची होते, आणि त्या अवधीत तिला पुन्हा घट्ट होऊ दिले नाही तर ती जाते. आठवण म्हणजे बरणीतून काढलेली लोणच्याची फोड नव्हे. ती दर वेळी नव्याने घातलेली फोडणी आहे, आणि हात त्या दिवशी जसा असेल तशी ती बसते.

कोर्टात याचे काय होते ते पाहा. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना मोटारींच्या टकरीचा चित्रपट दाखवला. काहींना विचारले, गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ तेव्हा वेग किती होता. काहींना विचारले, गाड्यांचा ‘चुराडा झाला’ तेव्हा किती होता. दुसऱ्या गटाने वेग जास्त सांगितला. आठवड्याने विचारले, काच फुटलेली पाहिलीत का. काच फुटलीच नव्हती. पण ‘चुराडा’ ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांना ती फुटलेली आठवली, ‘लागल्या’ ऐकलेल्या ५० जणांत फक्त ७ जणांना. यांतले कोणीही खोटे बोलत नव्हते. आठवण फाईल आहे असे मानणारा न्यायाधीश अशा प्रामाणिक साक्षीवर माणसाला तुरुंगात धाडू शकतो. अमेरिकेत डीएनए तपासणीने पुढे जे निर्दोष सुटले, त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांच्या शिक्षेत प्रत्यक्षदर्शीची चुकलेली ओळख होती.

आणि घरात काय होते तेही सांगतो. आमची मावशी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. गेली चार वर्षे तिला विस्मरणाचा आजार आहे. सकाळचे दुपारी आठवत नाही, मुलाला ती कधी दीर समजते. भाचा तिचा लाडका. पूर्वी दर रविवारी तिच्याकडे जात असे. मग जाणे कमी झाले. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “मामा, जाऊन उपयोग काय? मी दारातून बाहेर पडलो की तिच्या लेखी मी आलोच नव्हतो. काही सेव्हच होत नाही तिथे.” मुलगा निर्दय नाही. हे बोलताना त्याचे डोळे भरले होते. त्याचे हिशेबाचे कोष्टकच तसे होते.

मी त्याला हेन्री मोलेसनची गोष्ट सांगितली. या अमेरिकन तरुणाच्या फेफऱ्यावर इलाज म्हणून १९५३ साली त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा एक लहानसा भाग काढला. त्यानंतर २००८ साली मरेपर्यंत त्याला नवे काही लक्षात ठेवता आले नाही. पण ब्रेंडा मिलनर या संशोधक बाईंनी त्याला आरशात पाहून आकृती गिरवायला दिली, तेव्हा दर दिवशी त्याचा हात सुधारत गेला. आपण हे पूर्वी कधी केले आहे हे मात्र त्याला कधीच आठवले नाही. म्हणजे डोक्याला नसलेली आठवण हाताला होती. मावशी अजून वाती वळते. समईसाठी लागतात तशा, एकसारख्या, दिवसाला शंभर. कशासाठी, ते तिला सांगता येत नाही.

आणि अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातला प्रयोग सांगितला. २०१४ साली तिथे अल्झायमर झालेल्या १७ जणांना आधी दुःखाची आणि मग आनंदाची चित्रपटातली दृश्ये दाखवली. थोड्याच वेळाने त्यांना काय पाहिले ते नीटसे सांगता येईना. काहींना तर काही पाहिल्याचेच आठवेना. पण मन जड झाले ते जडच राहिले, खुलले ते खुललेलेच राहिले, अर्धा तास मोजेपर्यंत. ज्यांना दृश्ये सर्वांत कमी आठवत होती त्यांचे दुःख तर अधिक टिकले. कारण कळत नाही, पण मन भरून आलेले आहे.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे मी गेल्यावर तिला मी आठवत नाही, पण बरे वाटत राहते?”

“निदान काही वेळ तरी,” मी म्हटले.

“याचा डेटा कुठे साठतो?”

मी त्याला म्हटले, ते तुझ्या शास्त्रातले शब्द तू जरा खिशात ठेव.

तो पुन्हा जाऊ लागला आहे. जाताना कापूस नेतो. ती त्याला वाती वळायला शिकवते, दर वेळी पहिल्यापासून, आणि त्याच्या वाती बघून दर वेळी तितकीच हसते. गेल्या रविवारी तिने त्याला आपला थोरला भाऊ समजून घरच्या आंब्यांची चौकशी केली. यंदा झाड चांगले धरले आहे, असे तो म्हणाला.